प्रवाह वाढला, तरी वाहिन्या आटतील?

ओटीटीमुळे दूरचित्रवाहिन्या इतिहासजमा होतील काय? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना ओटीटीवर एका क्षणी कमाल ५.९ कोटी, तर दूरचित्रवाणीवर १३ कोटी प्रेक्षक पाहत होते. उपग्रहाचा एकच संकेत कितीही घरांत उतरतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो आणि डेटाचा खर्च प्रेक्षकाच्याच माथी येतो. काटोलच्या संत्रा बागायतदाराला ‘डीडी फ्री डिश’वर सह्याद्री वाहिनी आणि तिच्यावरील शेतीविषयक कार्यक्रम मासिक शुल्काविना पाहता येतात. मालिका-चित्रपटांचा प्रेक्षक मोबाइलकडे वळेलही. परंतु त्यापायी हा विनाशुल्क मार्ग आटला, तर त्याची झळ शहरापेक्षा शिवारालाच अधिक बसेल.