संगणकाला आपली मराठी शिकवू या



बेणे, खत, पाणी हे आपले नेहमीचे विषय. या वेळी ते थोडे बाजूला ठेवून संगणकाबद्दल लिहितो आहे. विषय वेगळा वाटेल, पण काम शेतकी विभागाचेच आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे जालना जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ६१ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर दहा बायकांमागे जवळजवळ चौघींना तेव्हा वाचता येत नव्हते. मोतीबिंदूमुळे अक्षर न दिसणारे वयस्कर सभासद यात धरलेलेच नाहीत. आता ऊसनोंदीचा, वजनाचा, बिलाचा संदेश मोबाईलवर येतो. ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचे? नातू शाळेतून येईपर्यंत थांबायचे. शेअर त्याच्या नावावर, ऊस त्याच्या घामाचा, आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या तोंडून!

लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने संगणकावर आहेत, ती मराठीही वाचतात आणि त्यातली काही विनामूल्य आहेत. ती आपल्या कामाला जुंपायची तर आपल्याच घरातली मुले-मुली प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाला टप्प्याटप्प्याने काम सांगण्याची विद्या, शिकली पाहिजेत. तीही फी न भरता शिकता येते.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

जत्रेतला प्रसाद फुकट मिळतो, पण तो कसा केला हे कोणी सांगत नाही. मुक्त साधनाचे तसे नाही. त्याची सगळी कृती उघडी असते. ती वाचावी, बदलावी, सुधारून शेजाऱ्याला द्यावी. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून या चळवळीला सुरुवात केली. सहकारी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. एकाने चांगले बेणे तयार केले की ते गावभर जाते, तसाच हा प्रकार.

बोलणाऱ्या साधनांपैकी ई-स्पीक एनजी हे असेच मुक्त साधन. त्याचे मूळ ब्रिटनच्या जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये केलेल्या कामात आहे. ते माणसाचा आवाज साठवून ठेवत नाही, तर गणिताने ध्वनी तयार करते. म्हणून ते आकाराने लहान, जुन्या संगणकावर आणि इंटरनेटशिवायही चालते. आवाज मात्र यंत्रासारखा कोरडा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह हे दोघे स्वतः अंध. करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्रॅम दोघांनी मिळून वाढवला. त्यातही ई-स्पीक एनजीचा आवाज आहे. ज्याची अडचण त्यानेच उपाय काढला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नव्या पद्धतीची साधने माणसांच्या कित्येक तासांच्या ध्वनिमुद्रणावरून बोलणे शिकतात. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने अशी साधने भारतीय भाषांसाठी केली आणि सर्वांना खुली ठेवली. त्यात मराठी आहे. आवाज बराच माणसासारखा येतो, पण त्यासाठी संगणक ताकदीचा लागतो.

मराठीतून शिकण्याची सोय

पुष्कळ पोरे इंग्रजीच्या भीतीने अडतात. त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी तो उभा केला. त्याला केंद्र सरकारचे अर्थसाह्य मिळाले. दहा-दहा मिनिटांचे धडे असतात. पडद्यावर काम इंग्रजीत दिसते आणि बऱ्याच धड्यांना समजावून सांगणारा आवाज मराठीत आहे. धडा थोडा ऐकायचा, थांबवायचा, तेच स्वतः करून पाहायचे, मग पुढे. लिनक्स, सी, जावा, पायथॉन असे विषय त्यात आहेत. नव्याने शिकणाऱ्याने पायथॉनपासून सुरुवात करावी. भाषा सोपी आहे आणि तीही मुक्त आहे.

फी नाही, याचा अर्थ कष्ट नाहीत असा नाही. संगणक लागतो, वीज लागते आणि रोजचा एक तास लागतो. नुसते धडे बघून प्रोग्रॅमिंग येत नाही. बांधावर उभे राहून बांधणी शिकता येते का?

खताचा हिशेब हाच पहिला धडा

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी सुमारे १०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातले १० टक्के लागणीच्या वेळी, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले ४० टक्के मोठ्या बांधणीला. आता मुलाने एवढाच प्रोग्रॅम लिहावा : लागणीची तारीख आणि क्षेत्र विचारायचे, त्यावरून पुढच्या तारखा व मात्रा काढायच्या. १० जानेवारीची एक एकर लागण असेल तर उत्तर येईल, "दुसरा हप्ता २१ फेब्रुवारी ते ७ मार्च, नत्र चाळीस किलो." हे वाक्य बोलणाऱ्या साधनाकडे सोपवले की आजीला ते ऐकू येईल. तारखांची बेरीज, टक्केवारी, अट आणि आवाज असे चार धडे एका खताच्या हिशेबात होतात.

यंत्र कुठे अडखळते

आपल्या लोकांचे खरे काम इथेच आहे. फुले २६५ ला आपण "दोनशे पासष्ट" म्हणतो, पण को ८६०३२ ला कोणी "शहाऐंशी हजार बत्तीस" म्हणत नाही. आपण "शहाऐंशी शून्य बत्तीस" म्हणतो. यंत्राला हे कोण सांगणार? १०:२६:२६ हे खत त्याने घड्याळाची वेळ समजून वाचण्याचा संभव आहे. "चार" आणि "चारा" यांतला च लिहायला एकच, बोलायला वेगळा. "हे." म्हणजे हेक्टर, हेही त्याला शिकवावे लागते.

उपाय अवघड नाही. असे शब्द आणि आकडे एका यादीत लिहायचे, समोर त्यांचा उच्चार लिहायचा, आणि आवाजाकडे जाण्यापूर्वी प्रोग्रॅमने ते बदलून घ्यायचे. ही यादी मुंबईत किंवा मद्रासमध्ये बसून होणार नाही. ती अंबड, घनसावंगी, परतूरच्या ऊसपट्ट्यातच होईल.

एवढे करावे

१. घरात किंवा शाळेत पडून असलेला जुना संगणक मुलांना वापरू द्यावा. त्यावर लिनक्स विनामूल्य घालता येते.

२. मुलींना यातून वगळू नये. हे काम घरी बसून शिकता येते.

३. केवळ प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम भरण्याआधी विनामूल्य धडे दोन महिने करून पाहावेत.

४. अँड्रॉइड फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅकची सोय असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती आधी सुरू करून द्यावी, शिकवावी.

५. ऐकलेल्या आकड्यावर व्यवहार करू नये. वजनाची पावती जपून ठेवावी. हिशेबाला कागदच पुरावा.

कोणी खताचा बोलता प्रोग्रॅम तयार केला तर तो शेतकी विभागात जरूर घेऊन यावा. मात्रा आणि तारखा शिफारशीप्रमाणे तपासून देण्याचे काम आमचे. प्रोग्रॅम चुकीची मात्रा गोड आवाजात सांगू लागला, तर नुकसान उभ्या पिकाचे होईल, बरं का!

— ऊस विकास अधिकारी