खर्रा आणि हिरड्यांचा दबलेला इशारा

दात घासताना हिरडीतून रक्त येणे, हा हिरड्यांच्या विकाराचा पहिला इशारा. गडचिरोली, चंद्रपूरपासून थेट नागपूरपर्यंतच्या पट्ट्यात मात्र अनेकांच्या बाबतीत हा इशाराच दबून जाण्याची शक्यता असते. कारण असते तोंडातला खर्रा.

सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेला खर्रा गालात तासन् तास धरला जातो. राज्यात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. पण पानठेल्यावर हाताने घोटला जाणारा खर्रा मिळतच राहिला. त्यातील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धूम्रपान करणाऱ्यांत हे स्पष्टपणे आढळले आहे, की हिरडी आतून पोखरली जात असूनही रक्त कमी येते. खर्रा जिथे ठेवला जातो, तेथील हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. सुपारीमुळे तोंड उघडणेच कमी होऊ लागले, तर ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही. दात ठणकला की मशेरी किंवा गुडाखू चोळण्याची सवयही अशीच घातक. थोडा वेळ बधिरपणा येतो, दुखणे मात्र आत वाढत राहते.

मुळात विकाराची सुरुवात साध्या थराने होते. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साचतो. तो रोज काढला नाही, तर त्याचे कठीण कीटण बनते व ते ब्रशने निघत नाही. या टप्प्यावर सूज पूर्ण बरी होऊ शकते. पुढे दाताला आधार देणारे हाड झिजते, दात हलू लागतात. लोक याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. उपचाराने फार तर झीज थांबते. मधुमेहींनी तर अधिक जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

मऊ ब्रशने दोन वेळा, दोन-दोन मिनिटे दात घासणे, दातांच्या फटी साफ करणे आणि दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे, एवढे बहुतेकांना पुरते. सफाईने दात सैल होतात, हा समज निराधार आहे. कीटण निघाल्यावर आधीची झीज उघडी दिसते, इतकेच. विकार वाढला असल्यास मुळांची खोल सफाई किंवा शस्त्रक्रिया लागते. त्यासाठी गडचिरोलीच्या रुग्णाला अनेकदा नागपूर गाठावे लागते, हे अंतर सुमारे १७० किलोमीटर.

जिल्ह्यात दारूबंदी १९९३ मध्ये आली. दारूबरोबर तंबाखूही सुटावी म्हणून 'सर्च' संस्था, शासन व टाटा ट्रस्ट यांचे 'मुक्तिपथ' अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. तंबाखू सोडणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. धूम्रपान थांबवल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त अधिक येऊ लागल्याचे दिसले आहे. ते पाहून घाबरून पुन्हा पुडीकडे वळू नये. दबलेला रक्तप्रवाह परत येत असल्याची ती खूण असू शकते, आणि दंतवैद्याला दाखवण्याची हीच वेळ.