शेंदरी बोंडअळी : पिकावरील धोका ओळखण्याचे शास्त्र

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घराचा कापसाशी या ना त्या नात्याने संबंध आहे. कोणाची गिरणेच्या कालव्याखाली थोडी बागायत आहे, तर कोणाची सातमाळ्याच्या पायथ्याशी दोन-तीन एकर कोरडवाहू. कोणी निम्म्या वाट्याने शेती करतो. कोणाची आई वेचणीला जाते आणि वडील पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणी करतात. आमच्या वसतिगृहातील मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी जातात, तेव्हा त्यांतील कित्येकांची सुट्टी कपाशीच्या ओळींतच सरते. वर्षाचे कपडे, वह्या-पुस्तके, मोठ्या बहिणीच्या महाविद्यालयाचे शुल्क, हे सारे त्या वेचणीवर ठरते. म्हणून बोंडातली अळी हा केवळ कृषी खात्याचा विषय नाही, तो शाळेचाही विषय आहे, असे आम्ही मानतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला होता. लहान धारणक्षेत्राचे दुखणे आजही संपलेले नाही. पन्नास एकरांच्या मालकाचे एक शेत किडीने गेले तर दुसरे त्याला सावरते. दोन एकरवाल्याला दुसरे शेतच नसते. धोका सर्वांवर सारखा आला तरी त्याचा भार सारखा पडत नाही. त्यामुळे धोका आधी ओळखण्याची गरज लहान शेतकऱ्याला सर्वांत अधिक असते.

धोका म्हणजे काय?

‘कीड आली’ आणि ‘धोका आला’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो, पण शास्त्र त्यांत भेद करते. धोक्याची दोन अंगे असतात : नुकसान होण्याची शक्यता किती, आणि झालेच तर ते किती मोठे. कपाशीच्या पानावर चार तुडतुडे दिसले म्हणजे कीड आहे, पण त्याने उत्पन्न घटेलच असे नाही. उलट, वरून हिरवेगार दिसणाऱ्या शेतात बोंडांच्या आत अळी असू शकते. तेथे डोळ्यांना काही दिसत नाही, आणि धोका मात्र मोठा असतो.

परदेशातून येणाऱ्या रोपांची व बियाण्यांची तपासणी करणारे शास्त्रज्ञ चार प्रश्न विचारतात. ही कीड येथे येईल का? आली तर टिकेल का? टिकली तर पसरेल का? आणि पसरली तर किती नुकसान करील? मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीने या चारही प्रश्नांची उत्तरे आपल्याला फार वेगाने दिली. मूळची अमेरिका खंडातील ही अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली, २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. आज खानदेशातील मका उत्पादकाला तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

शेंदरी बोंडअळीचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. भारतातील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सरकीबरोबर इजिप्तला गेली, तेथून मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. सरकीच्या पोत्यातून एक कीड अर्धे जग ओलांडते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अळीची रीत

या अळीचा पतंग लहान, करड्या रंगाचा आणि निशाचर असतो. मादी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत कैरीत, शिरते आणि तिने केलेले छिद्र पुढे बुजून जाते. त्यानंतर वरून कितीही औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आत ती सरकी खाते, रुई डागाळते, आणि बोंड नीट न फुटता कवडी होते. अनुकूल हवामानात साधारण एका महिन्यात तिची एक पिढी पूर्ण होते.

हंगाम संपताना या अळ्यांपैकी काही सुप्तावस्थेत जातात. जोडसरकीत, शेतात उभ्या ठेवलेल्या पऱ्हाट्यांत, जिनिंगच्या आवारात पडलेल्या कचऱ्यात त्या महिनोन्महिने पडून राहतात. पुढच्या हंगामात त्यांचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात कपाशीची फुले नसतील, तर त्यांच्या पुढच्या पिढीला आसरा मिळत नाही आणि साखळी तेथेच तुटते. मे महिन्यात ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी मात्र लवकर फुलते आणि या पतंगांना आयतेच घर मिळते. अलीकडच्या वर्षांत १ जूनपूर्वी कपाशीचे बियाणे विकू नये असे निर्बंध शासनाने घातले, त्यामागील कारण हेच आहे. पाणी ज्याच्याकडे आहे त्याला हा निर्बंध जाचक वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु एका शेतातील लवकरची फुले शेजारच्या कोरडवाहू शेतासाठी किडीचे बीज ठरतात.

२००२ ते २०१७

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुकांचे बीजी-२ वाण २००६ साली आले. हिरव्या अमेरिकन बोंडअळीपासून शेतकऱ्याची सुटका झाली आणि फवारण्या घटल्या, हे मान्य केले पाहिजे. पण शेंदरी अळीच्या लाखो अळ्यांपैकी एखादी त्या विषाला पुरून उरते. अशा उरलेल्यांचाच आपसांत संयोग होत गेला, तर काही वर्षांत सारी पिढीच प्रतिकारक्षम होते. यावर उपाय म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. ते शेताच्या कडेने लावावे, तेथे साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संयोग होऊन प्रतिकारशक्ती विरळ राहावी, ही त्यामागील योजना होती. बहुतेक ठिकाणी ते पाकीट बांधावरच फेकले गेले. ‘ज्यात अळी लागणार ते बी कशाला लावायचे?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर त्याच्या भाषेत कोणी दिले नाही, ही उणीव त्या काळच्या साऱ्या शिकलेल्यांची होती. आम्हीही त्यांत येतो.

गुजरातमध्ये आधी पहिल्या आणि पुढे दुसऱ्या पिढीच्या बीटी वाणावरही अळी टिकू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या तिन्ही भागांत तिने कपाशी पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीड हा जसा धोका आहे, तसाच घाईने केलेला उपायही धोका आहे, हे त्या वर्षाने शिकवले.

मोजावे कसे?

अंदाजाने नव्हे, मोजून निर्णय घेणे हाच या शास्त्राचा गाभा आहे. त्याला महाग यंत्र लागत नाही.

पहिली मोजणी पतंगांची. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. त्यांतील गंधाने नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे.

दुसरी मोजणी फुलांची. ज्या फुलाच्या पाकळ्या अळीने धाग्यांनी बांधून टाकल्या आहेत आणि जे मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते, ती डोमकळी. डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. शंभरांत दहा फुले अशी दिसली तर उपायाची वेळ आली.

तिसरी मोजणी बोंडांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. शेतातून तिरपे चालत वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडे तोडावीत आणि फोडून पाहावीत. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, तर प्रमाण दहा टक्के झाले.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. आपल्या तालुक्यातील पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तेव्हा गणित या मातीला परके नाही. समजा, शेतात खरोखरच दहा टक्के बोंडे किडलेली आहेत. आपण वीस बोंडे तोडली, तर त्यांत एकही किडके न सापडण्याची शक्यता सुमारे बारा टक्के असते. म्हणजे अशा शंभर शेतकऱ्यांपैकी बारा जण ‘माझे शेत स्वच्छ आहे’ असे समजून घरी जातील. चाळीस बोंडे फोडली, तर हीच शक्यता दीड टक्क्यापर्यंत उतरते. म्हणून एकदा पाहून थांबू नये. दर आठवड्याला पाहावे आणि तारीख घालून वहीत लिहावे. समजा, एका पिढीत कीड पाचपट होते. मग आजचा एक टक्का महिन्याने पाच आणि दोन महिन्यांनी पंचवीस टक्के होतो. पाचावर जे सावरता येते, ते पंचवीसवर सावरत नाही.

पातळी गाठण्यापूर्वी पाच टक्के निंबोळी अर्क आणि अंडी खाऊन टाकणारे परोपजीवी कीटक यांवर भर द्यावा. पातळी ओलांडली तरच शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण करू नये. डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उपाशीपोटी किंवा उघड्या अंगाने फवारू नये. मजुराला हातमोजे व मुखपट्टी देणे हा त्याच्यावर उपकार नाही, तो त्याचा अधिकार आहे.

एकट्याचे काम नव्हे

महाराष्ट्रात २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांची नियमित पाहणी, नोंदींचे संकलन आणि त्यावरून सल्ला, अशी त्याची रीत आहे. गावातील पाच-सहा शेतांच्या नोंदी एकत्र आल्या, तर हीच रीत गावपातळीवरही चालू शकते.

अमेरिकेने २०१८ साली आपल्या कपाशीतून शेंदरी अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. टेक्सासमध्ये ती शिरल्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती. बीटी वाण, कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि हंगामानंतर पऱ्हाट्यांचा नाश, या साऱ्यांचा त्यात वाटा होता. पण मुख्य बळ होते सर्वांनी एकाच वेळी केलेल्या कामाचे. फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, पऱ्हाट्या बांधावर न रचणे, पिकाची फेरपालट करणे, हे गावाने मिळून केले तरच फळते. एकाने शेत स्वच्छ केले आणि दहांनी फरदड ठेवली, तर त्या एकाचे कष्ट वाया जातात. फरदडीच्या चार पैशांची गरज कोणाला असते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच हा निर्णय गावाने चर्चा करून, गरजूची सोय पाहून घ्यावा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज शहरांत नोकरी करतात. त्यांना आमची एकच विनंती आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास कपाशी बोंडावर येते. तेव्हा गावी गेलात तर वडिलांबरोबर शेतात एक फेरी मारा, वीस बोंडे फोडा आणि आकडा लिहून ठेवा. घरी दहावीतला भाऊ किंवा बहीण असेल तर ती वही त्यांच्या हाती द्या. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, नोंद आणि निष्कर्ष या पायऱ्या आपण सर्वांनी पाठ केल्या आहेत. त्या आपल्या आई-वडिलांच्या शेतात उपयोगी पडल्या, तर शाळेचे शिकवणे कामी आले असे आम्ही समजू.