केस कोणाचे, मोजपट्टी कोणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला मामांकडे गेलो होतो. पुढच्या वर्षाचे खोलीभाडे आणि मेसचे पैसे जमावेत म्हणून दोन महिने कुठेतरी काम करावे, हा हेतू होता. मामांनी एका कापडाच्या दुकानात शब्द टाकला. मालकांनी मला बसवले, पाणी दिले, तोंडी हिशेब विचारला, हिंदी बोलता येते का ते पाहिले. सारे ठीक चालले होते. मग त्यांची नजर माझ्या मानेवर रुळणाऱ्या केसांवर गेली आणि ते म्हणाले, "पहिले कटिंग करून ये, मग बोलू."

ते रागावून बोलले नव्हते. पाऊस येतो आहे, छत्री घे, असे सांगावे तितक्या सहजपणे त्यांनी ते सांगितले. केसांचा आणि कापड मोजण्याचा काय संबंध, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा तो मी गिळला. तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

माझे केस वाढले त्याला कारण झाला युवक महोत्सव. आमच्या लोकनृत्यात मला पोतराजाचे काम होते. दिग्दर्शक म्हणाले, "टोप लावू नकोस, खरे केस वाढव." महोत्सव संपला, पण केस तसेच राहिले. त्यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. मला ते आवडू लागले होते, एवढेच.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरी कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. दिवाळीला गेलो तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोलीस भरतीचं सोडलं काय तुनं?" मला आधी उलगडाच होईना. नंतर समजले. आमच्या गावची पोरे पहाटे रस्त्यावर धावतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, हाच त्यांचा जप. त्या सर्वांचे केस बारीक कापलेले असतात. बारीक केस म्हणजे पोरगा नोकरीच्या मार्गाला लागला, आणि लांब केस म्हणजे हातचा गेला, असा हिशेब घरोघरी पक्का आहे. वडिलांना माझ्या केसांत फॅशन दिसली नाही, बुडालेली नोकरी दिसली. ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू आहे, त्याला हा हिशेब चूक आहे असे मी कोणत्या तोंडाने सांगावे?

पण हा हिशेब काही सनातन नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डोके भोवतीने तासून मध्ये शेंडी राखणे ही पांढरपेशा घरांत सभ्यपणाची खूण होती. जो तरुण शेंडीला फाटा देऊन इंग्रजी पद्धतीने डोकेभर केस ठेवी, तो बिघडला असे समजत. म्हणजे आज जे केस 'व्यवस्थित' म्हणून दुकानदाराला चालतात, त्याच केसांना एके काळी सुधारकी खूळ म्हणत असत.

बायकांच्या बाबतीत तर समाजाने हात थेट केसांना घातला होता. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन सक्तीने होत असे. त्याविरुद्ध ज्यांनी लेखणी चालवली, ते गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली आपल्या अकोल्यातूनच मॅट्रिक झाले होते, ही गोष्ट आपण वऱ्हाडकरांनी लक्षात ठेवावी. आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, अशी भूमिका घेतली. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. केसांच्या इतिहासात याहून मोठा प्रसंग मला सापडला नाही.

लांब केसांबद्दल आपल्याकडे सर्वत्र तिरस्कार आहे असेही नाही. साधूच्या जटांना आपण हात जोडतो. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते संत गाडगेबाबा याच मातीतले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मले, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, विस्कटलेले केस, वाढलेली दाढी, असे त्यांचे रूप फोटोतून घरोघरी पोचले आहे. आपल्या प्रत्येकाच्या पदवीवर त्यांचे नाव छापले जाईल. ती पदवी घेऊन आपण मुलाखतीला जाऊ तेव्हा मात्र पहिली अट केसांची असेल!

धोनीचेही तसेच. २००६ मध्ये लाहोरला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी भर मैदानात त्याच्या लांब केसांची तारीफ केली आणि ते कापू नकोस, असा सल्ला दिला. त्या वर्षांत गल्लोगल्लीच्या पोरांनी तसे केस वाढवले. धोनीचे कौतुक झाले, पोरांनी बोलणी खाल्ली. यावरून मला असे वाटते की आपण केसांची लांबी मोजत नाही, माणसाची पत मोजतो. पत असली की केस शोभतात, नसली की तेच केस माजाचे ठरतात.

साठ-सत्तरच्या दशकात हा प्रश्न जगभर पेटला होता. १९६८ मध्ये बीटल्स ऋषीकेशला आले, १९७१ मध्ये देव आनंदच्या 'हरे रामा हरे कृष्णा' चित्रपटाने हिप्पी घरोघरी पोचवले. लांब केस म्हणजे गांजा, असे समीकरण बहुधा तेव्हापासून आपल्या डोक्यात बसले. सिंगापूर सरकारने तर कमाल केली. १९७२ च्या सुमारास तेथील सरकारी कचेऱ्यांत फलक लागले की लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी होईल. केस कॉलरच्या खाली गेले, कान झाकले किंवा कपाळावरून भुवयांना टेकले की ते 'लांब', असे सचित्र मापही दिलेले होते.

आता नोकरी देणाऱ्यांची बाजू पाहू. १८०६ मध्ये वेल्लोरला कंपनी सरकारच्या फौजेत हुकूम निघाला की शिपायांनी कपाळावरील गंध लावू नये, दाढी काढावी, मिशा ठरावीक मापात ठेवाव्यात, नवी पगडी घालावी. १० जुलैच्या पहाटे तेथे बंड उसळले. त्यामागे इतरही कारणे होती, पण माणसाच्या डोक्याला हात घालताना मालकाने शंभर वेळा विचार करावा, हा धडा त्यात आहेच. आपल्या हवाई दलाच्या १९६४ च्या नियमांनी मधला मार्ग काढला. ज्याच्या धर्मात केस कापण्यास किंवा दाढी करण्यास मनाई आहे, त्यालाच ते राखण्याची मुभा मिळते. त्याच नियमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये एका मुस्लिम जवानाची दाढीची मागणी अमान्य केली आणि दलातील शिस्त व एकसारखेपणा यांना महत्त्व दिले.

बाहेरच्या देशांतही निकाल बहुतेक मालकांच्या बाजूचेच दिसतात. अमेरिकेत मेकन येथील एका वृत्तपत्राने लांब केसांच्या उमेदवाराला नोकरी नाकारली. बाईला लांब केस चालतात, मला का नाही, असा त्याचा सवाल होता. १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितले की वंश किंवा लिंग माणसाला बदलता येत नाही, केस मात्र कापता येतात, म्हणून हा भेदभाव नव्हे. इंग्लंडमध्ये १९९६ साली शेंडीसारखे केस बांधणाऱ्या एका दुकान-नोकराच्या खटल्यातही मालकच जिंकला. आपल्याकडे २०१४ च्या तृतीयपंथीयांविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपले रूप व पेहराव निवडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे मोठ्या मनाने मान्य केले. पण सरकारी दारात जो हक्क मागता येतो, तो गल्ल्यावर बसलेल्या शेठजींपुढे मांडणे व्यवहारात सोपे नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे कसोटी एकच असावी. मालकाला कारण सांगता आले पाहिजे. जिनिंगच्या यंत्राजवळ मोकळे केस म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्वयंपाकघरात केस झाकलेच पाहिजेत. पण तिथेही बांधले की काम भागते. पोलिसाचा गणवेश ही सर्वांना माहीत असलेली अट आहे, ती मान्य असेल त्यानेच भरतीला जावे. "गिऱ्हाईकाला बरे दिसत नाही" हे मात्र कारण नव्हे, ती सवय झाली. गिऱ्हाईकाला काय बरे दिसेल हे कोणी विचारून पाहिले आहे काय?

इथवर लिहून मी थांबलो असतो. पण आमच्या गावातील एका आबाजींनी मला थांबू दिले नाही. ते ऐंशीच्या पुढे आहेत. माझे पोतराजाचे फोटो पाहून त्यांनी मान फिरवली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "माया बाप पोतराज होता, बापू. कमरेलोक केस. मरीमायच्या नावानं आंगावर कोरडा मारून घे, तवा लोकं पसाभर जवारी टाकत. केस कापाले कोनी देत नव्हतं त्याले." १९५६ च्या ऑक्टोबरात त्यांचे वडील नागपूरला धम्मदीक्षेला गेले. परत आल्यावर लिंबाखाली बसून त्यांनी केस उतरवले, आणि मुलाला शाळेत घातले. "त्या दिवशी मी बापाचं कपाळ पयल्यांदा पायलं," आबाजी म्हणाले.

मला लांब केस म्हणजे मोकळीक वाटत होती. त्यांच्या घरात केस कापणे ही मोकळीक होती. मग खरे काय? मला वाटते, दोन्ही खरे. आबाजींच्या वडिलांना केस ठेवायला लावले होते, विधवांना काढायला लावले होते. प्रश्न लांबीचा कधी नव्हताच. डोके ज्याचे, त्याला कोणी विचारले का, एवढाच प्रश्न होता.

शेवट सांगून टाकतो. मी केस कापले. दुसऱ्या दिवशी दुकानात रुजू झालो आणि दोन महिने कापड मोजले. पहिल्या आठवड्यात दोनदा माप चुकले, पुढे हात बसला. केसांमुळे माप सुधारले नाही की बिघडले नाही. फरक पडला तो एवढाच की त्या दुकानात मला कोणी विचारले नव्हते. उद्या आपल्यापैकी कोणी मालक होईल, कोणी साहेब, कोणी प्राध्यापक. समोर लांब केसांचा एखादा पोरगा उभा राहील. त्याला कटिंग करून ये म्हणण्याआधी, काम काय येते, एवढे तरी पूर्ण विचारून घ्यावे, ही विनंती.