पाण्याला सातबारा नव्हता
(मालकी आणि सत्ता : लेखांक ७)

या आठवड्यात लेखमालेत आइसलंडचं उदाहरण घ्यायचं ठरलं होतं. पण नामपूरच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘तत्त्वज्ञ हॉब्ज म्हणतो, सत्ता नाही तिथे माझं-तुझं नाही. मग आमच्या फडाचं काय?’ हा प्रश्न डावलून पुढे जाववत नाही. आइसलंड थांबेल.

मोसम, आरम आणि धुळ्याकडची पांझरा या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या रानाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी फेरपालट. बहुतेकांचे तुकडे सगळ्या फडांत विखुरलेले. पाणी कमी असलं की एखादा फडच पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा एकट्याच्या पदरात पडत नाही. या पद्धतीचं खरं शहाणपण मला इथे दिसतं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यालाही खालचा फड भिजायला हवा असतो, कारण तिथेही त्याचं रान आहे.

आता पाणी देताना बघा. पाणी भरायचं ते पाटकऱ्याने, मालकाने नाही. पाटकरी फावड्याने चिखलागवताचा अडसर ओढतो, शेत भिजलं की तोच चिखल पायाने दाबून तोंड बुजवतो आणि पुढच्या शेताकडे वळतो. पिकाची राखण जागल्याकडे. दोघांचा मोबदला शेतकऱ्यांकडूनच, धान्यात. कुठल्या फडात काय घ्यायचं, हे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सगळ्यांच्या बैठकीत ठरतं.

जमिनीचा उतारा तलाठ्याकडे मिळे. पाण्याची पाळी मात्र पाटकरी आणि पंच यांच्या ध्यानात असे, आणि तिच्यासाठी रोज कुणी मामलेदार कचेरीची पायरी चढत नसे. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ग्रंथात स्पेनमधल्या वालेन्सियाचे पाट आणि स्विस गावांची कुरणं तपासून हेच दाखवलं : सामाईक गोष्टीचे हक्क माणसं आपापसांत नेमून घेतात आणि पाळूनही घेतात. त्याच कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरी हॉब्जला सपशेल खोटं पाडता येत नाही. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर धरण झालं आणि आवर्तन कधी सोडायचं हे पाटबंधारे खातं ठरवू लागलं. विहिरी आणि पंप आल्यावर ज्याला त्याला आपल्या मर्जीचं पीक घेता आलं, तशी फेरपालटीची शिस्तही सैल झाली. एका पाटावरच्या माणसांमध्ये पाण्याचा हक्क शेकडो वर्षं पक्का राहिला. वर धरण बांधणाऱ्यापुढे त्याला जोर नव्हता. म्हणून नामपूरकरांना माझं उत्तर असं : राज्याशिवाय मालकी असू शकते, पण ती मानणारी माणसं त्याच पाटावरची असतील तोवरच.

सटाणा, नामपूर, ताहाराबाद भागात कुणाच्या घरी फडाच्या बैठकीच्या जुन्या वह्या असतील तर कृपया कळवा. मला त्या पाहायच्या आहेत. आइसलंड पुढच्या आठवड्यात.