२, ४, ४ आणि ८

नॅस घ्यायला निघालं की एक सल्ला हमखास मिळतो: चारही हार्ड डिस्क एकाच मापाच्या घ्या. सल्ला योग्यच आहे, पण एका दमात चार मोठ्या डिस्क घेणं प्रत्येक घराला जमत नाही. मिरजेतल्या आमच्या घरी त्या पैसे जमतील तशा आल्या. आधी २ टीबीची, मग ४ टीबीच्या दोन, नंतर ८ टीबीची. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, डिस्क बसवायचे कप्पे असलेला डबा. घरातल्या कुठल्याही फोनवरून किंवा लॅपटॉपवरून त्यातलं पाहता-ऐकता येतं. आमच्या डब्यात दादांच्या गाण्याची, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. दादा आता नाहीत. म्हणून आत काय चालतं ते मी मुळापासून समजून घेतलं.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या ‘रेड’ पद्धतीची कल्पना मांडली. त्यातल्या ‘रेड ५’ प्रकारात मजकूर सगळ्या डिस्कवर विखुरतात आणि एका डिस्कइतकी जागा पॅरिटी नावाच्या हिशेबासाठी राखतात. एक डिस्क गेली, तर उरलेल्या डिस्क आणि हा हिशेब यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा तयार होतो. अडचण अशी की हा हिशेब सर्वांत लहान डिस्कच्या मापानं चालतो. माझ्या चारही डिस्क त्याच्या लेखी २-२ टीबीच्याच. वापरायला मिळणार फक्त ६ टीबी.

सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीची एसएचआर पद्धत इथे कामी येते. आपल्या डिस्क म्हणजे एकमजली, दुमजली आणि चौमजली घरं समजा, मजला २ टीबीचा. तळमजला चारही घरांना आहे. तिथे एक भाग हिशेबाला देऊन ६ टीबी मिळतात. दुसरा मजला तीन घरांना, तिथे ४ टीबी. वरचे दोन मजले मात्र एकट्या ८ टीबीच्या घराला आहेत. जोडीदार नाही, म्हणून संरक्षण नाही, म्हणून ते रिकामेच राहतात. एकूण १० टीबी. झटपट हिशेब हवा असेल तर सगळ्यांची बेरीज करून सर्वांत मोठी डिस्क वजा करायची: १८ उणे ८.

पुढची खरेदी ठरवताना हीच वजाबाकी करावी. २ टीबीच्या जागी ४ टीबीची बसवली असती तर १२ टीबी झाले असते. मी दुसरी ८ टीबीची घेतली, वरच्या रिकाम्या मजल्यांना जोडीदार मिळाला आणि जागा १६ टीबी झाली. मोठी डिस्क घ्याल तेव्हा तिच्या जोडीची दुसरीही कधी घेणार ते ठरवूनच घ्या.

मापं वेगळी चालतात, पण लिहिण्याची पद्धत तपासाच. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. सलग मोठं लेखन आलं की त्या फार मंदावतात, आणि डिस्क बदलताना नेमकं तसंच लेखन होतं. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या पद्धतीच्या असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. पट्टे एकमेकांवर न चढणारी, सीएमआर लिहिलेलीच डिस्क मागून घ्या.

मिश्र डिस्क सांभाळण्यात ड्रोबोचे डबे एके काळी फार नावाजलेले होते. २०२२ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांची मांडणी त्यांच्याच डब्याला वाचता येत असे. डबा बिघडला तर दुसरा ड्रोबोच शोधायचा. एसएचआर लिनक्समधल्या एमडी आणि एलव्हीएम या खुल्या साधनांवर उभी आहे, त्यामुळे वेळ पडली तर डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडूनही वाचता येतात. मी ती निवडली ती जागेपेक्षा या कारणासाठी.

डिस्क बदलण्याचं काम घाईचं नाही. ८ टीबी सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं लिहायचे तरी १५ तासांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ संरक्षण नसतं. आणखी एक डिस्क गेली तर सगळंच जातं. यूपीएसशिवाय या कामाला हात लावू नये. आणि चुकून पुसलेली फाइल, चोरी, वीज पडणं यांपुढे कुठलंच रेड उपयोगाचं नाही. वेगळी प्रत लागतेच. ९० मिनिटांची कॅसेट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवली की साधारण ३ जीबी होते. डब्यातून निघालेल्या २ टीबीच्या डिस्कवर दादांचं सगळं गाणं मावलं. ती आता कोल्हापूरला भावाकडे असते, आणि दिवाळीला तो येतो तेव्हा आम्ही तिच्यात नवी भर घालतो.