वेबसाइटच्या पाठीमागचा मालक

खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरून जाताना फार्महाउस, रिसॉर्ट, नर्सरी यांच्या पाट्या दिसतात. कित्येक पाट्यांवर फोन नंबरखाली वेबसाइटचा पत्ताही असतो. समजा, यातल्या एका रिसॉर्टवाल्याने गावातल्या पोराला वर्षाचे पैसे दिले आणि साइट सुरू झाली. ते पैसे पुढे कुठे गेले?

साइटला दोन वस्तू लागतात. डोमेन म्हणजे सातबारा, नाव कोणाचं ते सांगणारा; होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, फोटो आणि मजकूर ठेवायला सर्व्हरवरची जागा. दोन्हींचं बिल बहुधा एकच येतं, म्हणून मालकालाही त्या एकच वाटतात. वेबसाइटवाला पोरगा बहुतेक वेळा रिसेलर असतो. तो एका मोठ्या कंपनीच्या पॅनेलवरून घाऊक दराने नाव नि जागा घेतो आणि आपल्या नावाचं बिल फाडतो. त्याच्या वर रजिस्ट्रार, म्हणजे नावं नोंदवणारी मान्यताप्राप्त कंपनी, असतो. सगळ्यात वर रजिस्ट्री, म्हणजे त्या शेपटाची सगळी नावं सांभाळणारी संस्था: डॉट कॉमची अमेरिकेतली व्हेरिसाइन, डॉट इनची आपली निक्सी.

ही घाऊकची साखळी भारतात ज्यांनी मोठी केली त्यांत मुंबईची डिरेक्टी पुढे होती. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये ती काढली तेव्हा दोघेही विशीच्या आत होते. वडिलांकडून घेतलेले २५ हजार रुपये हे भांडवल, असं ते सांगत आले आहेत. त्यांच्या रिसेलरक्लबची युक्ती साधी होती. एकेका दुकानदाराचा ‘साइट उघडत नाही हो’ हा फोन स्वतः घेण्यापेक्षा हजारो छोट्या विक्रेत्यांना पॅनेल द्यायचं, त्यावर नाव त्यांचंच लावू द्यायचं. गिऱ्हाईक त्यांचं, फोनही त्यांनाच. थेट किरकोळ विक्रीसाठी बिगरॉक आलं ते २०१० मध्ये.

सप्टेंबर २०१३ मध्ये या होस्टिंग-डोमेन धंद्याचा सौदा अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीशी जाहीर झाला. जानेवारी २०१४ मध्ये तो पूर्ण झाला. एन्ड्युरन्सची रीत अशी की ब्रँड विकत घ्यायचे आणि पाट्या तशाच ठेवायच्या. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आधीच तिच्याकडे होते. म्हणजे एकावर वैतागून दुसरीकडे गेलेला ग्राहक फिरून त्याच घरात यायचा, आणि त्याला पत्ताही नसायचा. हे मला खटकतं, पण बेकायदा त्यात काही नाही.

विकत घेण्यासारखं यात असतं तरी काय? सर्व्हर जुने होतात. खरी किंमत दरवर्षी रिन्यूअल भरणाऱ्या ग्राहकांच्या यादीची. पहिल्या वर्षी दर नाममात्र आणि पुढच्या वर्षी दुप्पट-तिप्पट, यामागचा हिशेब हाच. ग्राहकांचा आकडा किती मोलाचा, ते २०१८ मध्ये दिसलं: ग्राहकसंख्या फुगवून सांगितल्याच्या आरोपावरून एन्ड्युरन्सने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे ८० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २०२१ मध्ये क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीने ती घेतली, वेब डॉट कॉमशी जोडली, आणि नाव झालं न्यूफोल्ड डिजिटल.

कंपनी विकली गेली तर साइट सहसा चालूच राहते. खरा घोळ कंपनी बुडाली तर होतो. नेट फोर इंडिया ही डोमेन विकणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे भरूनही नूतनीकरण होईना, नाव दुसरीकडे नेता येईना, अशी ग्राहकांची अवस्था झाली. २०२१ मध्ये डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेने तिची मान्यता रद्द केली आणि डॉट कॉमसारखी नावं पब्लिकडोमेनरजिस्ट्रीकडे वळवली. ही रजिस्ट्रार मूळ डिरेक्टीचीच, तोवर न्यूफोल्डच्या घरात पोचलेली.

आपल्या रिसॉर्टवाल्याने पाहायचं ते एवढंच: हूइज या नोंदणी शोधायच्या सेवेत नाव टाकलं की रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख दिसते. नोंदणीतला ईमेल मात्र तिथे बहुधा झाकलेला असतो, तो पॅनेल उघडायला लावूनच बघावा. तिथे वेबसाइटवाल्याचा ईमेल असेल तर तो बदलून घ्यावा, कारण रिन्यूअलची आठवण त्याच पत्त्यावर जाते. नाव हलवायचं असेल तर ट्रान्सफर कोड मागायचा. डॉट कॉम नवीन घेतलं असेल तर पहिले ६० दिवस ते हलत नाही. मुदत उलटली तरी काही दिवस नेहमीच्या दरात नाव परत मिळतं, पण रजिस्ट्रारने ते एकदा काढून टाकलं की पुढच्या ३० दिवसांत सोडवायला जबर दंड पडतो. त्यानंतर पाच दिवस ते कोणालाच मिळत नाही, आणि सहाव्या दिवशी जो आधी मागेल त्याचं.